मुंबईहून फिजीला जाताना : वारा, बोट आणि बॅग

फिजीचा मुख्य आंतरराष्ट्रीय विमानतळ ज्या गावी आहे त्याचे नाव तिकिटावर आपण ‘नाडी’ किंवा ‘नादी’ असे वाचतो, परंतु तेथील लोक त्याचा उच्चार ‘नांदी’ असा करतात. नाटकाआधीची नांदी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे नाव पुन्हा सांगावे लागत नाही. पण त्यामागचा नियम मात्र समजून घ्यावा, कारण पुढे त्याचा रोज उपयोग होतो. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी फिजियन भाषेला रोमन लिपी दिली, तेव्हा ‘डी’ला ‘न्द’, ‘बी’ला ‘म्ब’, ‘जी’ला ‘ङ’ आणि ‘सी’ला मऊ ‘द’च्या जवळचा उच्चार ठरवण्यात आला. त्यामुळे फलकावर ‘सिगाटोका’ दिसते ते गाव बोलताना ‘सिंगातोका’ होते आणि ‘मामानुका’ दिसणारी बेटे ‘मामानुदा’ होतात. बसच्या चालकाला किंवा बोटीच्या खिडकीवर हे नाव बरोबर सांगता आले, तर निम्मे गैरसमज तेथेच मिटतात.

फिजीत भारतीय वंशाचे लोक आहेत, हिंदी चालते आणि व्हिसा आधी काढावा लागत नाही, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि नेमके त्यामुळेच जाणारे गाफील राहतात. सुमारे ३३० बेटांचा आणि त्यांपैकी शंभराच्या आसपास वस्ती असलेल्या बेटांचा हा देश प्रेक्षणीय स्थळांची यादी हातात घेऊन पाहता येत नाही. वारा कोणत्या बाजूने येतो, बोट कधी सुटते आणि आपल्या बॅगेत काय आहे, एवढे आधी नीट पाहिले तर बाकीचे तेथे गेल्यावर जमून जाते. यांतले एक चुकले तर महागडी सुट्टी हॉटेलच्या खोलीत बसून काढावी लागते.

तिकीट आणि वाटेतला विमानतळ

मुंबईहून फिजीला थेट विमान नाही. सर्वांत सोयीचा मार्ग सिंगापूरवरून जातो: मुंबई ते सिंगापूर साडेपाच तासांच्या आसपास आणि सिंगापूर ते नांदी सुमारे दहा तास. हाँगकाँगवरूनही जाता येते. सिडनी किंवा ऑकलंडमार्गे तिकीट कधीकधी स्वस्त दिसते. परंतु भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात केवळ विमान बदलण्यासाठीसुद्धा ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो आणि न्यूझीलंडमार्गे जातानाही ही परवानगी आधीच पाहावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे तो स्वस्तपणा उरत नाही.

येथे एक चूक इतक्या जणांकडून होते की ती सविस्तर सांगणे भाग आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे काढली, तर पहिली कंपनी आपले सामान पुढे पाठवीलच असे नाही. ते सिंगापूरला उतरवून घ्यायचे आणि पुन्हा जमा करायचे, तर त्यासाठी तेथील इमिग्रेशन ओलांडावे लागते, आणि त्यासाठी सिंगापूरचा व्हिसा हवा. तो नसेल, तर मुंबईच्या काउंटरवरच आपल्याला विमानात घेण्यास नकार मिळू शकतो. तेव्हा दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच आरक्षण क्रमांकाखाली असावेत आणि बॅगेवर लावलेल्या पट्टीवर शेवटचे ठिकाण नांदी असल्याचे मुंबईतच डोळ्यांनी वाचून घ्यावे.

फिजीत भारतीय पर्यटकाला उतरल्यावर चार महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळते. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचे आरक्षण कागदावर छापून जवळ ठेवावे, कारण रात्रभराच्या प्रवासानंतर मोबाईलची बॅटरी नेमकी रांगेत मान टाकते. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी दिल्लीतील फिजीच्या उच्चायुक्तालयाकडे एकदा विचारणा करावी.

वारा पाहून तारखा ठरवाव्यात

फिजी विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट चालतात. मे ते ऑक्टोबर हा कोरडा आणि तुलनेने थंड काळ असतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा उकाड्याचा, पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ असतो. म्हणजे मुंबईत रुळांवर पाणी साचून लोकल थांबलेल्या असतात, त्याच जुलैमध्ये नांदीला स्वच्छ ऊन असते आणि रात्री अंगावर पातळ शाल घ्यावीशी वाटते. नाताळच्या सुट्टीत जाण्याचा बेत मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या ‘विन्स्टन’ या पाचव्या श्रेणीच्या चक्रीवादळात ४४ माणसे दगावली होती. दर वर्षी असे होत नाही हे खरे; परंतु वादळाची नुसती सूचना आली तरी बोटी बंद होतात, आणि बेटावरच्या पर्यटकाची सहल तेथेच थांबते.

जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा हवा उत्तम आणि दर चढे असतात. मुंबईकरांच्या दृष्टीने मे महिन्याचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला: आपल्याकडे शाळांना सुट्टी असते, तेथे पाऊस ओसरलेला असतो आणि गर्दी अजून व्हायची असते. दिवाळीची सुट्टी हंगामाच्या काठावर पडते. ऑक्टोबरमध्ये दिवाळी आली तर जावे, नोव्हेंबरच्या मध्यावर गेली तर विचार करावा. फिजीत दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते, हे त्या वेळी जाणाऱ्यांना ठाऊक असावे.

तारखांइतकीच बाजू महत्त्वाची आहे, आणि ही गोष्ट कोकण आणि देश यांतला फरक जाणणाऱ्याला लगेच समजते. विती लेवू या सर्वांत मोठ्या बेटाच्या मधोमध डोंगर आहेत. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्वेच्या बाजूला पाऊस टाकतात आणि पश्चिमेला कोरडे होऊन उतरतात. आपल्या सह्याद्रीचेच चित्र, केवळ दिशा उलटी. राजधानी सुवा पूर्वेच्या बाजूला आहे आणि तेथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईपेक्षाही अधिक, आणि तोही बाराही महिने थोडाथोडा. पश्चिमेला नांदी आणि लाउतोका या भागात ऊस पिकतो. समुद्रस्नान आणि ऊन हवे असेल, तर पश्चिमेला मुक्काम करावा. सुवाला जावे ते थर्स्टन उद्यानातील संग्रहालयासाठी, बाजारासाठी आणि शहराचा अनुभव घेण्यासाठी. तेही छत्री घेऊन.

बॅग भरताना

आपली माणसे परदेशी निघाली की घरात डबे भरू लागतात. फिजीसाठी मात्र डबा भरण्याआधी थांबावे. शेती आणि जंगल यांवर जगणाऱ्या छोट्या बेटांना बाहेरची एखादी कीड किंवा रोग परवडत नाही, म्हणून तेथील जैवसुरक्षा तपासणी अत्यंत काटेकोर असते. ताजी फळे, भाज्या, बिया, झाडांचे भाग, मांस, अंडी, दुधाचे पदार्थ, मध आणि लाकडी वस्तू यांची माहिती उतरताना भरायच्या प्रवेशपत्रात द्यावीच लागते. यादी वाचून आपल्याला वाटते की यांतले आपल्याकडे काही नाही. पण आपल्या देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या नजरेतून ती पुन्हा वाचावी. रुद्राक्ष ही बी आहे. तुळशीची माळ हे लाकूड आहे. हळकुंड, सुपारी, अक्षता, प्रवासासाठी कोणीतरी ओटीत घातलेला नारळ, साजूक तुपातले लाडू, पेढे, मेथीदाणे हे सारे त्या यादीत बसते.

आमच्याबरोबर आमच्या आत्या होत्या. गळ्यात माळ, पर्समध्ये सुपाऱ्यांची पुरचुंडी आणि बॅगेत डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. प्रवेशपत्रावर ‘नाही’ असे लिहावे, असे त्यांचे मत होते, कारण लाडू म्हणजे काही शेतमाल नव्हे. सुदैवाने आम्ही ‘होय’ लिहिले. टेबलामागच्या तरुण महिला अधिकाऱ्याने डबा उघडला, एक लाडू दोन बोटांत धरून उजेडात पाहिला आणि आत्यांनाच विचारले, “ई का है?” आत्या त्या हिंदीने इतक्या चकित झाल्या की त्यांनी मराठीतच साग्रसंगीत कृती सांगायला सुरुवात केली. माळ मण्यामण्यांनी तपासून परत मिळाली, दुकानातली बंद पाकिटातली भाकरवडी परत मिळाली. लाडू आणि सुपाऱ्या तेथेच राहिल्या. दंड झाला नाही, कारण आम्ही लपवले नव्हते. शंका असेल तेथे ‘होय’ लिहावे. फार तर वस्तू जाते. ‘नाही’ लिहून सापडले, तर दंड भरावा लागतो. बुटांच्या तळव्यांना चिकटलेली माती निघण्यापूर्वी धुऊन टाकावी, तीही पाहिली जाते.

बाकीचे सामान थोडक्यात सांगता येईल. वीज २४० व्होल्टचीच असल्याने आपले चार्जर चालतात, मात्र प्लग ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या तिरप्या चपट्या पिनांचा असतो. त्याचा जोड मुंबईत लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत मिळतो, विमानतळावर घेऊ नये. प्रवाळ धारदार असतो आणि त्याचे साधे ओरखडेही दमट हवेत लवकर चिघळतात, म्हणून पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट आणि जंतुनाशक मलम अवश्य न्यावे. फिजीत मलेरिया नाही, डेंग्यू मात्र आहे. डास पळवणारे मलम संध्याकाळपुरतेच नव्हे, तर दिवसाही लावावे. पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा हा उन्हासाठी आणि गावात जाताना, दोन्हीकडे उपयोगी पडतो. प्रवास विमा काढताना बेटावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे वाचावे. गंभीर रुग्णाला कधीकधी ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला न्यावे लागते.

बोटीचे वेळापत्रक

नांदी हे मुक्कामाचे गाव आहे, समुद्रकिनाऱ्याचे नव्हे. छायाचित्रांत दिसणारी पांढरी वाळू आणि निळे पाणी मामानुदा व यासावा या द्वीपसमूहांत आहे, आणि तेथे जाणाऱ्या बोटी नांदीजवळच्या देनाराऊ बंदरातून सकाळी सुटतात. मामानुदाची बेटे जवळ आहेत, काही तर तासाभराच्या आत येतात. यासावाची साखळी उत्तरेकडे लांबत गेलेली असून शेवटच्या बेटांपर्यंत पोहोचण्यात अर्धा दिवस जातो. त्यामुळे दुपारी विमानाने उतरून त्याच दिवशी यासावाला पोहोचण्याचा बेत जमत नाही. पहिली रात्र नांदीलाच काढावी लागते. परतीलाही तेच: बोट संध्याकाळी देनाराऊला येते, म्हणून विमानाच्या आदली रात्र मोठ्या बेटावर असावी. आठ दिवसांच्या सहलीतल्या दोन रात्री अशा नांदीत जातात, हे गृहीत धरूनच दिवस मोजावेत. वेळ भारतापेक्षा साडेसहा तास पुढे असल्याने पहिल्या दिवशी पहाटेपर्यंत झोप येत नाही आणि नेमकी बोटीच्या वेळी येते, हेही त्यात धरावे.

अनेक बेटांच्या रिसॉर्टला धक्का नसतो. मोठी बोट समुद्रातच थांबते आणि छोटी होडी येऊन प्रवाशांना उतरवून घेते. शेवटची चार पावले पाण्यातून चालावी लागतात. चाकांची मोठी बॅग घेऊन हे करून पाहिलेला माणूस पुढच्या वेळी पाठीवरची पिशवी नेतो. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील, तर आरक्षणापूर्वी धक्क्याची चौकशी जरूर करावी.

विती लेवूच्या दक्षिण किनाऱ्यावरची, ‘कोरल कोस्ट’ म्हणून ओळखली जाणारी पट्टी रस्त्याने जाण्यासारखी आहे. येथे प्रवाळाची पायरी किनाऱ्याला लागूनच असल्यामुळे ओहोटीला पाणी गुडघ्याएवढे उरते आणि पोहता येत नाही. भरतीची वेळ विचारून दिवस आखावा. प्रवाळाच्या भिंतीत जेथे खिंड असते तेथे पाण्याला जोराची ओढ असते. गिरगाव किंवा जुहूच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहण्याचा अनुभव तेथे कामाचा नाही. स्थानिक माणसाने ‘इकडे नको’ म्हटले की ऐकावे. याच वाटेवर सिंगातोकाच्या वाळूच्या टेकड्या आहेत, ज्यांना १९८९ मध्ये फिजीच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. गाडी भाड्याने घेतली तर वाहतूक आपल्यासारखी डावीकडूनच आहे, मात्र अंधार पडल्यावर रस्त्यावर गुरे आणि घोडे निवांत उभे असतात.

गावात जाताना

फिजीतील सुमारे ८७ टक्के जमीन मूळ रहिवाशांच्या, म्हणजे इतौकेई समाजाच्या, कुळांकडे परंपरेने आहे, आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यावरील मासेमारीचे परंपरागत हक्कही त्या त्या गावांकडे आहेत. म्हणून ज्या धबधब्याकडे किंवा किनाऱ्याकडे आपण निघालो आहोत, तो बहुधा कोणाच्या तरी अंगणात असतो. परवानगी मागण्याची रीत ‘सेवूसेवू’ या नावाने ओळखली जाते: ‘यांगोना’ या झुडपाच्या वाळलेल्या मुळ्यांची जुडी गावच्या प्रमुखापुढे ठेवायची आणि येण्याचे कारण सांगायचे. बाहेरच्या जगात हीच वनस्पती ‘कावा’ म्हणून ओळखली जाते. नांदीच्या मंडईत अर्ध्या किलोची जुडी मागितली की विक्रेता ती कागदात गुंडाळून देतो. भेट म्हणून मुळ्याच न्याव्यात, दळलेली पूड नेऊ नये.

गावात शिरताना टोपी आणि गॉगल उतरवावा, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. कमरेला गुंडाळायचे ‘सुलू’ नावाचे वस्त्र सर्वत्र मिळते. लुंगी नेसता येणाऱ्याला ते शिकावे लागत नाही. घरात चपला काढाव्यात आणि कोणाच्याही डोक्याला हात लावू नये, लहान मुलाच्याही नाही. रविवार हा प्रार्थनेचा आणि कुटुंबाचा दिवस असल्याने बोलावल्याशिवाय गावात जाऊ नये. त्या दिवशी दुकाने आणि बसही कमी असतात.

मग बैठक बसते. लाकडी ‘तानोआ’ पात्रात मुळ्यांची पूड पाण्यात पिळून गाळतात आणि नारळाच्या अर्ध्या करवंटीतून, म्हणजे ‘बिलो’तून, एकेकाला देतात. आपली पाळी आली की पंजे पोकळ धरून एकदा टाळी वाजवावी, ‘बुला’ म्हणावे, करवंटी एका दमात रिकामी करावी आणि तीनदा टाळ्या वाजवाव्यात. चव चिखलाच्या पाण्यासारखी, किंचित तुरट; जीभ आणि ओठ काही मिनिटे बधिर होतात. तेथे भरलेल्या करवंटीला गमतीने ‘हाय टाइड’ आणि थोड्या पेयाला ‘लो टाइड’ म्हणतात. पहिल्या वेळी ओहोटीच मागावी. दारूबरोबर कावा घेऊ नये आणि यकृताचा त्रास असलेल्यांनी नम्रपणे नकार द्यावा. त्याचे कोणाला वाईट वाटत नाही.

हिंदी, गिरमिट आणि जेवण

१४ मे १८७९ रोजी ‘लिओनिदास’ हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांना घेऊन फिजीला पोहोचले. १९१६ पर्यंत अशी सुमारे साठ हजार माणसे तेथे नेण्यात आली, आधी कलकत्त्याहून आणि १९०३ पासून मद्रासहूनही. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले आणि माणसे ‘गिरमिटिया’ झाली. त्यांची हिंदी अवधी-भोजपुरीच्या वळणाची आहे; आपली मुंबईची हिंदी त्यांना कळते आणि करमणूकही करते. टॅक्सीचालकाशी हिंदीत बोलावे, पण ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा आपला आवडता प्रश्न जपून विचारावा. पाच पिढ्या फिजीत काढलेल्या आणि १९८७ व २००० च्या सत्तापालटांत खूप काही सोसलेल्या माणसाला त्याचे गाव लाउतोका किंवा बा आहे असेच सांगायचे असते.

या समाजामुळे मोठ्या बेटावर शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. बटाट्याची किंवा भोपळ्याची भाजी भरलेले ‘रोटी पार्सल’ बसस्थानकावर मिळते आणि ते पोटभर असते. नांदीच्या मुख्य रस्त्याच्या दक्षिण टोकाला श्री शिव सुब्रमण्यम मंदिर आहे. तेथे अंगभर कपडे लागतात. दूरच्या बेटांवर मात्र शाकाहाराची कल्पना आरक्षणाच्या वेळीच लेखी द्यावी. मासे न खाणारा माणूस तेथे सहजी कोणाच्या ध्यानात येत नाही.

कोकणातल्या माणसाला फिजीचे मूळ जेवण परके वाटण्याचे कारण नाही. ‘दालो’ हा अळूचा कंद. त्याची पाने नारळाच्या दुधात शिजवली की ‘रोरो’ तयार होते, ते खाताना लग्नाच्या पंगतीतले अळूचे फदफदे आठवते. ‘उतो’ म्हणजे आपला नीरफणस. आणि उकडलेला कसावा म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो तोच कंद; एकादशीला त्यावर निभावून नेता येते. अळूच्या पानांत नारळाचे दूध बांधून भाजलेल्या ‘पालुसामी’त मात्र डब्यातले गोमांस अनेकदा असते, म्हणून विचारल्याशिवाय घास घेऊ नये.

फिजीचे डॉलर मुंबईत सहसा मिळत नाहीत. फोर्टमधल्या एका दुकानात मी मागितले, तेव्हा तेथल्या गृहस्थांनी फिजी नेमके कोठे येते हे मलाच विचारले. थोडे अमेरिकी किंवा ऑस्ट्रेलियन डॉलर आणि परदेशात चालणारे कार्ड न्यावे. मोबाईलचे सिम नांदीच्या विमानतळावरच घ्यावे. मंडईत, गावांत आणि छोट्या बेटांवर रोखच लागते, म्हणून बोटीत चढण्यापूर्वी नांदीत पैसे काढून ठेवावेत. उरलेले फिजी डॉलर परत आणले तर ते मुंबईत कोणी घेत नाही, तेव्हा निघताना ते विमानतळावरच बदलावेत. अपवाद सात डॉलरच्या नोटेचा: रिओ ऑलिंपिकमध्ये रग्बी सेव्हन्सचे सुवर्णपदक मिळाल्यानंतर २०१७ मध्ये काढलेली ही नोट सुट्या पैशांत हाती आली, तर ती पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवावी.